टोचून घेणाऱ्याचे येणे

(हिंजवडी येथील स्मृती व्याख्यानमालेत डिसेंबर 2024 मध्ये दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सिस्टरबाईंना इथले जुने लोक विसरलेले नाहीत. हिंजवडीत कंपन्या यायच्या आधी, इथे उसाचे मळे आणि भाताची खाचरे होती तेव्हा, त्या खांद्याला लशीचा डबा अडकवून म्हातोबाच्या देवळापाशी येत. त्यांचे दोन नियम होते. टोचलेले मूल अर्धा तास तिथून हलवायचे नाही, हा पहिला. दुसरा, कुपीवरचा बॅच नंबर वहीत उतरवल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. एकदा मी विचारले होते, "बाई, हा नंबर कशाला?" त्या म्हणाल्या, "हजारात एखाद्या पोराला काही झालं, तर त्याच्या आईला सांगायला माझ्याकडे काहीतरी पाहिजे ना."

आज मी त्या एखाद्या पोराबद्दल बोलणार आहे. माझी उभी वकिली पुण्याच्या न्यायालयात आणि ग्राहक आयोगात गेली. सुरुवातीलाच एक सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी लशीच्या बाजूचा माणूस आहे. करोनाचे सगळे डोस घेतले, घरच्यांना घ्यायला लावले. जानेवारी 2011 नंतर या देशात पोलिओचा नैसर्गिक रुग्ण सापडलेला नाही, आणि ते श्रेय लशीचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, लस सगळ्यांसाठी घ्यायची असेल, तर तिची दुर्मीळ इजा ज्याच्या वाट्याला येते त्याचा भारही सगळ्यांनी उचलला पाहिजे. आज तो भार तो एकटा उचलतो, आणि वर न्यायालयात जाऊन चूक कोणाची हेही त्यालाच सिद्ध करावे लागते.

गोष्ट जुनी आहे. 1902 च्या शरदात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचली गेली. ती आपल्या मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. त्या दिवशी 107 जणांना लस दिली. त्यातल्या 53-एन या एकाच बाटलीतून ज्यांना टोचले त्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. पुढे साक्षीपुराव्यांतून निघाले ते असे, की गावात बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिन यांच्यासाठी उभे राहिले आणि 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. 1925 मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. पण त्या 19 जणांची नावे मला आजवर कुठे वाचायला मिळालेली नाहीत. पाच वर्षे वाद चालला तो दोष प्रयोगशाळेचा की गावातल्या हातांचा यावर. त्या 19 घरांचे पुढे काय झाले, हा त्या वादाचा विषयच नव्हता. माझ्या मते आपला कायदा अजून मुल्कोवालमध्येच अडकलेला आहे. चूक कोणाची एवढेच तो विचारतो.

आता महाराष्ट्रातला एक खटला सांगतो. तो लशीचा नाही, पण आजच्या विषयाचे मूळ त्यात आहे. जुलै 1963, औरंगाबादचे सरकारी रुग्णालय. एक बाई बाळंत झाली आणि तीन दिवसांनी तिच्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोट दुखू लागले. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत टॉवेल राहिलेला सापडला. 24 जुलैला ती गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36 हजार रुपये दिले. उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला, रुग्णालय चालवणे हे सरकारचे सार्वभौम काम आहे, त्यासाठी सरकार जबाबदार नाही, असा त्यातला एक मुद्दा होता. अखेर 20 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सरकारला जबाबदार धरले. बाई गेल्यापासून 32 वर्षे आणि सात महिने झाले होते. रक्कम तीच, 36 हजार. आणि ध्यानात घ्या, पोटात टॉवेल सापडला होता. याहून उघड पुरावा कोणता? तरी 32 वर्षे लागली. लशीच्या इजेत तर पोटात टॉवेल सापडत नाही. रक्तात एक गुठळी सापडते, आणि गुठळीवर कुणाचे नाव लिहिलेले नसते.

त्याच औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, एक वडील 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले. त्यांची मुलगी डॉक्टर होती. आरोग्य कर्मचारी म्हणून तिने जानेवारी 2021 मध्ये, मोहीम सुरू झाल्या झाल्या, कोविशिल्डचा डोस घेतला आणि 1 मार्चला ती गेली. मृत्यू लशीच्या दुष्परिणामाने झाला आणि सरकारच्या समितीनेही ते मानले, असे याचिकेचे म्हणणे आहे. त्यांनी 1000 कोटी रुपये मागितले. ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयाने केंद्र, राज्य, सीरम इन्स्टिट्यूट आणि इतरांना नोटिसा काढल्या. त्या वडिलांचे आरोप सिद्ध होतील की नाही हे न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. पण आकडा ऐकून ज्यांनी तोंड फिरवले त्यांना मला सांगायचे आहे. जिथे ठरलेला दर नसतो, ठरलेली खिडकी नसते, तिथे आकडे असेच फुगतात. त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये चेन्नईतल्या कोविशिल्डच्या चाचणीतल्या एका स्वयंसेवकाने पाच कोटींची नोटीस दिली, तेव्हा पुण्याच्या सीरम कंपनीने आपल्या बदनामीबद्दल 100 कोटींहून अधिक मागण्याची भाषा केली. पाच कोटींसमोर 100 कोटी. दुखणे कुणाचे, किती, हे या आकड्यांच्या गर्दीत दिसेनासे होते.

केंद्र सरकारची भूमिका काय? लस घेतल्यानंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींच्या आईवडिलांनी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यात नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिले. लस घेणे ऐच्छिक होते, त्यामुळे सरकारवर भरपाईची जबाबदारी येत नाही. कुणाला इजा झाली असेल तर त्याने निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावावा. हा त्याचा सारांश. ऐच्छिक? याच हिंजवडीत 2021 च्या उत्तरार्धात दोन डोसांच्या प्रमाणपत्राशिवाय किती जणांना कंपनीच्या फाटकातून आत सोडले, ते तुम्ही मला सांगा. लोकलचा पास, मॉलचे दार, सगळीकडे तेच प्रमाणपत्र. कुणावर लशीची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या प्रकरणात सांगितले, पण ते 2 मे 2022 रोजी. तोवर बहुतेकांचे दोन्ही डोस होऊन गेले होते.

आणि दिवाणी दावा म्हणजे काय, तेही पाहू. वैद्यकीय निष्काळजीपणाचा आपल्याकडचा पायाभूत निकाल पुण्याचाच आहे. 1953 मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाचा पाय मोडला, त्याला पुण्यात आणले, आणि उपचारादरम्यान तो गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1968 चा, भरपाई 3000 रुपये. डॉक्टरने किती काळजी घ्यायला हवी, याचे माप त्या निकालाने घालून दिले. पण ते माप चुकीचे आहे, म्हणजे चूक मोजण्याचे. लशीत बहुतेकदा चूक कुणाचीच नसते. कारखान्यात सगळे नियम पाळलेले, नर्सबाईंनी सुई नीट टोचलेली, माणूस धडधाकट, आणि तरी लाखांत एखाद्याच्या शरीरात प्लेटलेट एकदम उतरतात आणि गुठळ्या होतात. ऍस्ट्राझेनेकाने फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटनच्या न्यायालयात लेखी मान्य केले की अत्यंत दुर्मीळ प्रसंगी त्यांच्या लशीने असे होऊ शकते. कोविशिल्ड ही तीच लस. ज्याला ते झाले त्याने कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा?

जिथे चूक उघड असते ती प्रकरणे वेगळी. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी इथे पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, रुग्णालयात न्यावे लागले, सुदैवाने ती बरी झाली. तिथे जबाबदारी ठरवणे सोपे होते, कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. लसीकरणानंतर काही विपरीत घडले तर त्याची कारणे पाच प्रकारची मानतात: लशीच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे, लशीतल्या दोषामुळे, देणाऱ्याच्या चुकीमुळे, सुईच्या भीतीमुळे, आणि निव्वळ योगायोगाने. यवतमाळचे प्रकरण तिसऱ्यातले. आपला कायदा दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी काही ना काही देतो. पहिल्यासाठी काहीच देत नाही, आणि खरी लशीची इजा तर पहिल्यातच येते.

आता माझ्या टेबलावरची एक फाईल तुम्हाला दाखवतो. नावगाव सांगणार नाही. हिंजवडीच्या फेज दोनमध्ये नोकरी करणारा मुलगा, मराठवाड्यातून त्याच्याकडे राहायला आलेली आई. जून 2021 नंतर खासगी रुग्णालयांत कोविशिल्डचा दर 780 रुपये ठरला होता. सोसायटीतल्या शिबिरात तिने तेवढे पैसे भरून डोस घेतला. दोन आठवड्यांच्या आत डावा पाय सुजून टणक झाला. रुग्णालयात नऊ दिवस. वाचली, पण आजही जिना चढताना कठड्याला धरून दर पायरीला थांबते. मुलाने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे आणले होते. मी डिस्चार्ज कार्ड तीनदा वाचले. त्यात मधुमेह होता, रक्तदाब होता, चपलेचे माप घ्यावे तसा पोटरीचा घेर सेंटिमीटरमध्ये होता. लशीचा उल्लेख एका ओळीतही नव्हता. दाखल करताना कुणी विचारलेच नव्हते. लशीनंतर गुठळ्या होण्याच्या आजाराची शंका असेल तर प्लेटलेटबरोबर पीएफ-फोर प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. ती झालेली नव्हती. लसीकरणानंतरच्या घटनेचा नोंदणी फॉर्म जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे गेलेला नव्हता. मुलगा त्या रुग्णालयात जाऊन आला. तिथे त्याला सांगितले, "असला फॉर्म आमच्याकडे नसतो."

तिचा पाय लशीमुळे अधू झाला असे मी म्हणू शकत नाही. लशीमुळे नाही असेही कुणी म्हणू शकत नाही. तपासणीची वेळ निघून गेली आणि तिच्याबरोबर सत्यही गेले. तरी ही बाई एका अर्थाने नशिबवान, कारण तिने 780 रुपये भरले होते. पैसे भरले म्हणून ती ग्राहक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. जिल्हा आयोगात जाता येते, भरलेली किंमत पाच लाखांच्या आत असली तर शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण तिची धाकटी जाऊ गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत रांगेत उभी राहिली आणि फुकट टोचून घेतले. ती ग्राहक नाही. सगळ्यांना मोफत दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या शांता प्रकरणातल्या निकालापासून ठरलेले आहे. म्हणजे फ्लॅटमधल्या थोरल्या जावेला दार आहे, गावातल्या धाकटीला नाही. लस तीच, कदाचित बॅचही तीच.

याहून मोठी विसंगती चाचणीच्या नियमांत आहे. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली आणि तिचा चाचणीशी संबंध ठरला, तर भरपाई हा त्याचा हक्क आहे. 2019 च्या नियमांत त्याचे गणितच दिले आहे. पाया आठ लाखांचा, त्याला वयाचा आणि आजाराच्या जोखमीचा गुणक. मृत्यूसाठी साधारण चार लाखांपासून 73 लाखांच्या पुढेपर्यंत रक्कम निघते. कुणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. हा हक्क फुकट मिळालेला नाही. 2010 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या प्रकल्पात मुली दगावल्याची प्रकरणे गाजली, संसदीय समितीने ताशेरे ओढले, सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, तेव्हा हे नियम घट्ट झाले. जानेवारी 2021 मध्ये कोव्हॅक्सिन 'चाचणी पद्धतीने' दिली जात होती, तेव्हा संमतिपत्रावर लेखी आश्वासन होते की गंभीर इजा लशीमुळे झाल्याचे सिद्ध झाल्यास कंपनी भरपाई देईल. मार्चमध्ये ती अट निघाली आणि आश्वासनही गेले. शेजारच्या खोलीत कोविशिल्ड घेणाऱ्याला तर पहिल्या दिवसापासून तसा कागद नव्हता. त्यामुळे चाचणीतल्या पहिल्या काही हजारांना हक्क आहे, आणि परवान्यानंतरच्या कोट्यवधींना दिवाणी न्यायालयाचा पत्ता.

हे जगात सगळीकडे असेच आहे का? नाही. अमेरिकेत 1955 मध्ये कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहिला आणि मुले पंगू झाली. तिथल्या ज्यूरीने कंपनीला निष्काळजी ठरवले नाही, पण विकलेली वस्तू सुरक्षित असली पाहिजे म्हणून भरपाई द्यायला लावली. पुढे दाव्यांच्या भाराने कंपन्या लशी बनवणे सोडू लागल्या, तेव्हा 1986 मध्ये कायदा करून वेगळी व्यवस्था झाली. डोसामागे, लस जितक्या आजारांवर तितके 75 सेंट कर. त्यातून निधी. अर्जदाराला चूक सिद्ध करायची नाही, फक्त लस घेतली आणि यादीतली इजा ठरलेल्या मुदतीत झाली हे दाखवायचे. त्यात त्रुटी आहेत, मृत्यूची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, करोनाची लस या योजनेत नाही. ब्रिटनमध्ये 1979 पासून ठरलेली एकरकमी मदत आहे, पण 60 टक्के अपंगत्वाची अट इतकी कडक की बरेच जण बाहेर राहतात. त्यांच्या चुका आपण टाळू शकतो, पण पाऊल तरी टाकू.

आणि इंग्लंड-अमेरिकेत जायची तरी काय गरज? जुन्नर, आंबेगाव, शिरूरला बिबट्याने माणूस मारला तर वनखाते पंचनामा करते आणि त्या घराला 25 लाख रुपये देते. तिथे वनरक्षकाचा निष्काळजीपणा कुणी विचारत नाही. बिबट्या जपायचे समाजाने ठरवले, तर त्याचा धोका सोसणाऱ्याला समाज भरपाई देतो. मोटार अपघातात 1982 पासून चूक न विचारता ठरावीक रक्कम देण्याची तरतूद आहे. आणि औरंगाबादच्या त्या बाईची शस्त्रक्रिया आठवा. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नसबंदीत मृत्यू झाला तर घरच्यांना ठरलेली रक्कम मिळू लागली, आज ती योजना राज्य सरकारेच चालवतात. कुटुंबनियोजन देशासाठी, म्हणून त्याची इजा देशाची. हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. लशीला ते का लागू नाही, याचे उत्तर मला कोणत्याही प्रतिज्ञापत्रात सापडलेले नाही.

पैसे नाहीत म्हणावे, तर तेही खरे नाही. केंद्राच्याच प्रतिज्ञापत्रानुसार 19 नोव्हेंबर 2022 पर्यंत 219 कोटी 86 लाख डोस दिले गेले. त्यांत 92,114 विपरीत घटनांची नोंद झाली, आणि मृत्यूंसह गंभीर घटना 2,782. प्रत्येक डोसामागे एक रुपया बाजूला ठेवला असता तर 220 कोटी जमा झाले असते. त्या सगळ्या 2,782 घटना लशीमुळेच झाल्या असे धरले, जे खरे नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास आठ लाख आले असते. चाचणीच्या नियमांतला पाया आठ लाखांचाच आहे. डोसामागे एक रुपया, एवढाच प्रश्न होता.

काही जण म्हणतात, भरपाईची योजना काढली तर लोकांना वाटेल लस धोक्याची आहे. माझा अनुभव उलटा आहे. लोकांना धोक्याची भीती कमी वाटते, लपवाछपवीची जास्त वाटते. सरकारच्या समितीने जून 2021 मध्ये स्वतः जाहीर केले की 68 वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू लशीनंतरच्या तीव्र ऍलर्जीने झाला. त्यानंतर लसीकरण थांबले का? नाही, रांगा वाढल्याच. हे गृहस्थ गेले, आम्ही ते मान्य करतो, हे त्यांच्या घरचे येणे आम्ही चुकते केले, असे सांगता आले असते तर विश्वास आणखी वाढला असता. उलट जिथे बोलण्याची जागा नसते तिथे अफवा बोलतात. सगळेच मृत्यू लशीमुळे झाले असे सांगणारे लोक याच रिकाम्या जागेत उभे राहिले, आणि त्यांच्यावर मग अब्रुनुकसानीचे दावे झाले. ज्याच्या घरातले माणूस गेले तो या दोघांच्या मध्ये चिरडला जातो.

कायदा संसद करील तेव्हा करील. केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितली, ती कार्यवाहीही सर्वोच्च न्यायालयात जाऊन थांबली. तोवर आपल्या हातातले काम आपण करू, आणि ते काम सिस्टरबाईंच्या वहीचे आहे.

इथे बसलेल्या एचआरच्या मंडळींना आणि सोसायट्यांच्या सचिवांना माझी विनंती आहे. 2021 मध्ये तुमच्या आवारात शिबिरे झाली, त्यांच्या याद्या तुमच्या संगणकात आहेत: नाव, तारीख, लस, बॅच नंबर. जागा मोकळी करायची म्हणून त्या पुसू नका. कुणी कर्मचारी, कुणी शेजारी मागायला आला तर अर्ज न मागता त्याला प्रत द्या. डॉक्टरांना विनंती, दाखल होणाऱ्या रुग्णाला गेल्या दीड महिन्यात कोणती लस घेतली हे विचारा आणि कार्डावर लिहा. शंका आली तर फॉर्म भरून जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे पाठवा. आणि तुम्हा सगळ्यांना सांगणे एकच. आज घरी गेल्यावर मोबाईलमधले आईचे, वडिलांचे, मुलांचे लसीकरणाचे प्रमाणपत्र उघडा, त्यावरचा बॅच नंबर बघा, ते कागदावर छापून घ्या आणि रेशनकार्ड ठेवता त्या पिशवीत ठेवा.